जुनी गाडी रोज चालवताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

जुनी गाडी जपावी कशी, यापेक्षा ती रोज कामाला न्यावी कशी, असे विचारणारी पत्रे यावेळी जास्त आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. उत्तरे पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क), कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि ड्रम ब्रेकच्या काळातल्या, म्हणजे साधारण १९५० ते १९८५ दरम्यानच्या पेट्रोल गाड्यांना लागू आहेत. आम्ही दिलेला आकडा आणि गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा यांत फरक पडला, तर मॅन्युअलचा आकडा धरा.

प्रश्न : रोज जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात. त्यासाठी जुनी गाडी घ्यायचा विचार आहे. कोणती घ्यावी आणि इंजिनात काय तपासावे?

उत्तर : इंजिन सगळ्यात शेवटी तपासा. आधी पत्रा बघा. दारांखालचे पट्टे, गालिच्याखालचा फ्लोअर, जॅक लावायच्या जागा आणि पुढचे सस्पेन्शन जिथे बॉडीला बोल्टने जोडलेले असते ती जागा, या चार ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला तर आत गंज आहे. गाडी एका बाजूने जॅकवर घेतल्यावर दार घासू लागले, तर सांगाडा ढिला झाला आहे. इंजिनाच्या कामाला सुरुवात असते आणि शेवटही असतो. बोअरिंग, रिंगा, बेअरिंग झाली की विषय संपतो. सडलेल्या बॉडीचे तसे नाही. एक भोक बुजवले की शेजारी दुसरे सापडते.

दुसरी गोष्ट स्पेअरची. फोक्सवॅगन बीटल दोन कोटींहून जास्त बनल्या आणि २००३ पर्यंत बनत होत्या. मिनी १९५९ ते २००० पर्यंत निघाली. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेच्या २६ लाखांहून अधिक गाड्या झाल्या. अशा गाड्यांचे भाग आजही नव्याने तयार होतात. फियाट ११०० च्या घराण्यातल्या गाड्यांचे काम हाताखालून गेलेले मिस्त्री अजून आहेत, तोही मोठा आधार आहे. आमचे मत स्पष्ट आहे. ज्या गाडीचा चाकातल्या ब्रेकचा व्हील सिलिंडर आणि वॉटर पंप आठवडाभरात हातात येत नाही, ती कितीही देखणी असली तरी रोजची गाडी होऊ शकत नाही.

घेतल्यावर पहिल्या तीन महिन्यांत रंगाला हात लावू नका. ब्रेकचे रबर, पेट्रोलचे आणि पाण्याचे होज, टायर, बेल्ट आणि सगळी ऑइले बदलून घ्या. मागच्या मालकाने काय केले होते याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा सगळे एकदा नवे करून तारीख लिहून ठेवणे सोपे.

प्रश्न : मोकळ्या रस्त्यावर काटा मधोमध असतो, पण रहदारीत पाच-दहा मिनिटांतच लाल रेषेला टेकतो. मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी फरक नाही. आता इलेक्ट्रिक पंखा बसवू म्हणतो. बसवावा का?

उत्तर : थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, परत बसवा. बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट गाडी गरम करतो हे खरे, पण तसा तो असेल तर नवा घालायचा, जागा रिकामी ठेवायची नाही. त्याच्याशिवाय इंजिन बराच वेळ थंडच राहते, चोक जास्त लागतो आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते. लायनर त्याने झिजतात. नवा ८२ अंशांचा घ्या आणि बसवण्याआधी भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरबरोबर सोडून गरम करून पाहा. ८२ च्या आसपास हलू लागून आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

गाडी केव्हा तापते, यातच निम्मे निदान आहे. उभी असताना तापते आणि धावताना निवते, म्हणजे हवा कमी पडते. धावताना, चढावर किंवा वेगात तापते, म्हणजे पाणी कमी फिरते किंवा रेडिएटर आतून चोंदला आहे. तुमचे दुखणे पहिल्या प्रकारचे आहे. तेव्हा आधी फॅनबेल्ट पाहा. दोन पुलींमधल्या सर्वांत लांब पट्ट्यावर अंगठ्याने दाबल्यावर तो सुमारे १२ मिलिमीटर दबावा. त्याहून ढिला असेल तर घसरतो. मग रेडिएटरच्या पात्यांमध्ये माती आणि किडे अडकले आहेत का ते पाहा. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने पाणी मारा, पण जोरात नको, पाती वाकतात. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे, म्हणजे काऊल, पुष्कळ गाड्यांतून कुणीतरी काढून ठेवलेले असते. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा न ओढता तीच गरम हवा घुसळत राहतो.

यानंतर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. पॉइंटची गॅप कमी झाली की ठिणगी उशिरा पडते, आणि उशिरा पडलेल्या ठिणगीची उष्णता दट्ट्याला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टच्या वाटेने हेडमध्ये जाते. ‘रेडिएटर नवा केला तरी गरम होतेच’ अशा तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असते.

रेडिएटरचे झाकण दुर्लक्षित राहते. दर चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणारे झाकण असेल तर पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण ११ अंशांनी वर जातो. झाकणाचे रबर चिरले की हे अकरा अंश गेले आणि पाणी ओव्हरफ्लोतून बाहेर पडू लागले. मूळ झाकणापेक्षा जास्त दाबाचे मात्र लावू नका. जुन्या रेडिएटरचे डाग दिलेले सांधे आणि हीटरची नळी तो ताण घेत नाहीत.

आता सफाई. गाडी थंड असताना खालचा होज काढा, थर्मोस्टॅटही काढा आणि रेडिएटरमधून उलट्या दिशेने, खालून वर, पाणी सोडा. मग इंजिन ब्लॉकच्या बाजूला असलेला निचऱ्याचा कॉक उघडा. बहुतेक वेळा त्यातून काहीच येत नाही. मग जाड तार आत खुपसा. आधी विटकरी चिखल येईल, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. हा चिखल शेवटच्या सिलिंडरभोवती साठतो, आणि काटा ठीक दिसत असतानाही तोच सिलिंडर आत भाजत असतो. भरताना साधे नळाचे पाणी नको. डिस्टिल्ड पाणी आणि किमान तिसरा हिस्सा कूलंट घाला, आणि दर दोन वर्षांनी बदला. कूलंट फक्त थंडीसाठी असते हा गैरसमज आहे, गंज आणि क्षार रोखणे हे त्याचे रोजचे काम. हीटरचा कॉक उघडा ठेवून आणि गाडीचे तोंड चढावर ठेवून भरले की हवा अडकत नाही.

एवढे करूनही तापली तरच पंख्याचा विचार. बारा इंची पंखा ७ ते १० अँपिअर खातो. गाडीला वीज तयार करायला जुना डायनामो असेल तर उभ्या गाडीत तो करंट देतच नाही, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी पंखा बॅटरीवर चालणार. आधी कमी वेगातही वीज देणारा अल्टरनेटर, मग पंखा.

प्रश्न : गाडी चांगली चालते, पण दहा मिनिटे थांबून पुन्हा सेल्फ मारला की लवकर सुरू होत नाही. अर्ध्या तासाने मुकाट्याने सुरू होते. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे हे होते का?

उत्तर : इथेनॉलने भर पडते, पण मूळ कारण उष्णता आहे. इंजिन बंद झाले की पंखाही थांबतो, पाणीही थांबते, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डची धग शेजारच्या कार्बोरेटरला लागते. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. पुढे दोन गोष्टी होऊ शकतात, आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

एक, कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडते. सेल्फ मारताना पेट्रोलचा उग्र वास येतो आणि सुरू होताना काळा धूर निघतो. अशा वेळी चोक लावायचा नाही, ॲक्सिलरेटर पंप करायचा नाही. तो एकदाच तळापर्यंत दाबून धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ द्या. सुरू होताच पाय उचला. दोन, पंपात किंवा नळीत वाफ अडकते आणि पेट्रोल पुढे येतच नाही. वास येत नाही, सेल्फ कोरडाच फिरतो. पंपावर ओले फडके ठेवा, दोन मिनिटे थांबा, मग प्रयत्न करा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको.

कायमचा बंदोबस्त असा : कार्बोरेटरखाली ६ ते १० मिलिमीटर जाडीचा बेकेलाइटचा स्पेसर घाला, मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर यांमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा लावा, आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून आणि वरच्या पाण्याच्या होजपासून दूर न्या. एवढ्यावर बहुतेक गाड्या सुधारतात. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावायचा झाला तर दाब २ ते ३ पौंडांचाच हवा, जास्त दाबाने नीडल, म्हणजे वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी सुई, उघडी राहून कार्बोरेटर सांडतो. पंपाचा करंट इंजिन बंद पडताच तुटेल अशा रिलेतून (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), म्हणजे ऑइल प्रेशर स्विचवर चालणाऱ्या जोडणीतून घ्या. अपघातात इंजिन बंद आणि पंप मात्र पेट्रोल ओततो आहे, ही स्थिती येऊ देऊ नका.

इथेनॉलचे नुकसान वेगळीकडे होते. जुन्या रबराच्या नळ्या कडक होऊन चिरतात किंवा आतून भुगा सोडतात, आणि तो जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, बसतो. पंपाचा डायफ्राम आणि रबरी टोकाची नीडल यांनाही इथेनॉल सोसत नाही. कॉर्कच्या फ्लोटवरचा लाखेचा थर विरघळतो. होज घेताना त्यावर एसएई जे ३० आर ९ हा छाप पाहून घ्या. विणीच्या कापडात गुंडाळलेला होज दिसायला जुन्याला साजेसा असतो, पण रोजच्या गाडीत आम्ही तो सुचवणार नाही, कारण आतली भेग बाहेरून दिसत नाही.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तेच जेट ठेवले तर मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५ पट. म्हणजे इंधन आठेक टक्के जास्त हवे. ज्या कार्बोरेटरवर जेटचा आकडा म्हणजे छिद्राच्या व्यासाचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला आकडा असतो, तिथे ११५ च्या जागी १२० चा मेन जेट घातला की छिद्राचे क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी वाढते. बदल केल्यावर सपाटून पाच किलोमीटर चालवा, इंजिन आहे तसे बंद करा आणि प्लग काढून पाहा. पांढरट फक्क म्हणजे अजून पातळ, काजळी म्हणजे जास्त, फिकट तपकिरी म्हणजे बरोबर.

प्रश्न : शिसेविरहित पेट्रोलने व्हॉल्व्ह जळतात म्हणतात. हेड उघडून घ्यावे का?

उत्तर : मुद्दाम उघडू नका. जुन्या ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थेट लोखंडावर बसतो. शिशाचा पातळ थर त्यामध्ये गादीसारखा असायचा, तो गेल्यावर जास्त वेगाच्या, लांबच्या प्रवासात सीट हळूहळू खचते. शहरी वेगाला हे फार सावकाश होते. दर ५,००० किलोमीटरला टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांमधली, गॅप तपासा आणि आकडे लिहून ठेवा. एक्झॉस्टची गॅप प्रत्येक वेळी कमी होत चालली असेल, तर सीट खचते आहे. पुढे कधी हेड कामाला निघेल तेव्हा कडक धातूच्या सीट बसवून घ्या. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सीट आधीपासूनच वेगळ्या, कडक धातूच्या असतात.

प्रश्न : पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावावे की नाही, यावर दोन मिस्त्रींची दोन मते आहेत. तुमचे मत काय? आणि माझी गाडी गरम झाल्यावर मिसिंग करते, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर : गरम झाल्यावरच मिसिंग असेल तर पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंटला जोडलेल्या छोट्या डबीवर, घ्या. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून, सेल्फ मारताना पॉइंटमध्ये पाहा. पॉइंटच्या तोंडांत मोठी झगझगीत ठिणगी उडत असेल, तर कंडेन्सर गेला. त्याची क्षमता ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड असावी आणि ती गरम स्थितीत मोजावी, कारण थंड असताना खराब कंडेन्सरही बरोबर आकडा दाखवतो. नवा सुटा भाग म्हणजे चांगला भाग, असे कंडेन्सर आणि रोटर यांच्या बाबतीत धरून चालू नका. जुना, मूळ बनावटीचा आणि चालणारा कंडेन्सर मिळाला तर तो सांभाळून ठेवा.

पॉइंट नीट लावायला पंधरा मिनिटे लागतात. इंजिन हाताने फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या उंच कोपऱ्यावर आणा. फीलर गेजचे ०.४० मिलिमीटरचे पाते घ्या. ते पुसून कोरडे करा, नाहीतर त्यावरचे ऑइल पॉइंटला लागून जळते. पाते किंचित अडखळत सरकले पाहिजे, ढकलावे लागता कामा नये. स्क्रू घट्ट केल्यावर गॅप पुन्हा मोजा, कारण घट्ट करतानाच ती हलते. कॅमवर तांदळाच्या दाण्याएवढे ग्रीस लावा. ते विसरले की टाच महिनाभरात झिजते, गॅप मिटते आणि टायमिंग मागे जाते. रोटरखालच्या नमद्यावर ऑइलचे दोन थेंब सोडा. गॅप आधी, टायमिंग नंतर, हा क्रम बदलू नका : गॅप बदलली की टायमिंग आपोआप बदलते.

रोजच्या गाडीत चांगले इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावायला आमची हरकत नाही. टाच झिजणे थांबते आणि थंड इंजिन लवकर पेटते. पण तीन गोष्टी पाहा. गाडीला बॅटरीचे कोणते टोक अर्थ आहे, म्हणजे बॉडीला जोडलेले आहे, ते तपासा, साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत. उलटे जोडले तर मॉड्यूल क्षणात जाते. कॉइलचा रोध मॉड्यूलला जुळतो का ते मीटरने मोजा : दीड ओहमच्या आसपासची कॉइल बॅलास्टसाठी, म्हणजे जोडीला वेगळा रोध लावून वापरायची असते, तीन ओहमची थेट बारा व्होल्टवर चालते. आणि इंजिन बंद असताना किल्ली इग्निशनवर ठेवून बसू नका. पॉइंट झिजत झिजत, आधी सूचना देत खराब होतात. मॉड्यूल एकदम जाते. म्हणून गॅप लावलेली जुनी पॉइंटची पट्टी, कंडेन्सरसकट, डिक्कीत ठेवा.

प्रश्न : रात्री रहदारीत थांबले की दिवे पिवळे पडतात. मोठी बॅटरी घालू का?

उत्तर : मोठ्या बॅटरीने संध्याकाळ अर्ध्या तासाने लांबेल, एवढेच. हिशेब मांडून पाहा. ६० वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे १० अँपिअर, मागचे-पुढचे छोटे दिवे २, इग्निशन ३ ते ४, वायपर ३, ब्रेक दाबून उभे असाल तर आणखी साडेतीन. झाले बावीस. त्या काळच्या बऱ्याच डायनामोंची पूर्ण ताकदच २२ अँपिअर, आणि तीही वेगात. आयडलला डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. रोज रात्री चालणाऱ्या गाडीला ३५ ते ४५ अँपिअरचा अल्टरनेटर लावणे, हा बदल आम्ही मनापासून सुचवतो. डायनामो आणि कटआउट काढून, पुसून, जपून ठेवा, म्हणजे गाडी केव्हाही मूळ रूपात आणता येईल. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी ६ चौरस मिलिमीटरची वायर टाका. डॅशबोर्डवरचा अँपिअरचा काटा ३० पर्यंतचाच असेल तर सगळा करंट त्यातून नेऊ नका, तो आणि त्यामागची वायर दोन्ही जळतील.

त्याआधी एक काम आजच करता येईल. इंजिन रेसवर ठेवून, दिवे लावून बॅटरीवर व्होल्ट मोजा, मग हेडलाइटच्या मागच्या प्लगवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तो जुन्या स्विचमध्ये आणि गंजलेल्या अर्थमध्ये जिरतो आहे. व्होल्टेज दहा टक्के घटले की उजेड तीस टक्के घटतो. दोन रिले, अडीच चौरस मिलिमीटरची वायर, प्रत्येक सर्किटला १५ अँपिअरचा फ्यूज आणि पत्रा घासून दिलेला नवा अर्थ, एवढ्यात दिवे पांढरे होतात. जुना स्विचही वाचतो, कारण मग त्यातून फक्त रिलेचा करंट जातो.

प्रश्न : सात-आठ किलोमीटर चालवल्यावर ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढते आणि डावे पुढचे चाक हाताला चटका बसेल इतके तापते. लाइनिंग नवी आहे. सकाळी सगळे ठीक असते.

उत्तर : ही गाडी दुरुस्तीपर्यंत चालवू नका. लक्षण बहुतेक ब्रेकच्या रबरी होजचे आहे. जुना होज आतून फुगतो. पाय दाबला की ब्रेक ऑइल जोराने पुढे जाते, पण परत येताना ती बारीक वाट मिटते, आणि ब्रेक लागलेलाच राहतो.

खात्री अशी करा. चाक अडकलेले असतानाच, ते जमिनीवरून उचलून, पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरवरची नळीची जोडणी किंचित ढिली करा. चाक सुटले तर दोष मास्टर सिलिंडरचा : बहुधा पेडलच्या दांड्याला मोकळीक उरलेली नाही. तिथे साधारण एक मिलिमीटर खेळ हवा. नाही सुटले तर जोडणी घट्ट करा आणि चाकाचा ब्लीड निपल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर काढायचे तोंड, उघडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले तर होज दोषी. तरीही अडकले असेल तर व्हील सिलिंडरचा दट्ट्या गंजला आहे किंवा शूचा स्प्रिंग तुटला आहे. होज नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदला. रबर एकाच वयाचे असते.

मग सगळे ब्रेक ऑइल नवे घाला. डॉट ४ चे ताजे ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषते आणि मुरलेले ऑइल १५५ अंशांवरही उकळू शकते. लांब उतारावर पेडल अचानक स्पंजासारखे होते ते यामुळे. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, गाडी कितीही कमी चाललेली असो. सिलिकॉनचे डॉट ५ यात कधीच मिसळू नका.

शेवटी शू ॲडजस्ट करा. चाक पूर्ण अडकेपर्यंत ॲडजस्टर आवळा, मग एक-दोन खाचा मागे घ्या, इतक्या की चाक हाताने मोकळे फिरेल. इंजिन बंद ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. पेडल हळूहळू खाली बसत गेले आणि बाहेर कुठे ओल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेले आहे. तुमच्या गाडीला एकाच सर्किटचे ब्रेक असतील तर एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो, फक्त हँडब्रेक उरतो. म्हणून हँडब्रेक हा पार्किंगपुरता समजू नका, तो नेहमी पूर्ण कामात ठेवा. काही गाड्यांत दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर थोड्या बदलाने बसतो. तुमच्या गाडीत तो बसत असेल तर इंजिनाआधी त्यावर खर्च करा.

प्रश्न : ऑफिस जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. इतके कमी चालते म्हणून ऑइल वर्षातून एकदा बदलले तर चालेल?

उत्तर : चालणार नाही. दोन किलोमीटरमध्ये ऑइल तापतच नाही. त्यात पाणी आणि पेट्रोल मुरत राहते, ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय धरते, सायलेन्सर आतून सडतो. दर सहा महिन्यांनी ऑइल बदला आणि आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग चालवा. ऑइल २०डब्ल्यू५० ग्रेडचे, मिनरल घ्या. या इंजिनांत कॅम टॅपेटच्या सपाट तळाला घासतो, म्हणून झिंकचे प्रमाण १,००० ते १,२०० पीपीएम असलेले निवडा. हल्लीच्या पातळ ग्रेडच्या ऑइलांत ते कमी ठेवलेले असते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सला गिअर ऑइल सांगितले असेल तर ते जीएल-४ चे घाला. जीएल-५ ची काही ऑइले पितळी सिंक्रो रिंगा खातात.

प्रश्न : पुढे नवे रेडियल टायर आणि मागे जुने क्रॉसप्लाय, असे चालेल का? मागच्यांची नक्षी अजून भरपूर आहे.

उत्तर : नाही. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय (तिरप्या दोऱ्यांच्या थरांचा जुना प्रकार) ही जोडी सगळ्यात धोक्याची, वळणावर मागचा भाग आधी सुटतो. चारही एका जातीचे घाला. नक्षीपेक्षा वय पाहा : टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांनंतर दरवर्षी भेगा तपासा, दहा वर्षांनंतर बदला.

प्रश्न : गाडीला सीटबेल्ट नाहीत. मुलांना घेऊन फिरते. कुठेही भोक पाडून बसवले तर?

उत्तर : साध्या पत्र्यात पाडलेल्या भोकातून धक्क्याच्या वेळी बोल्ट सरळ उपटून येतो. आधी तुमच्या मॉडेलमध्ये आतून नट बसवलेले आहेत का ते पाहा. सीटबेल्ट नसलेल्या कित्येक गाड्यांत खांबावर आणि फ्लोअरवर रबरी बुचांखाली ते असतात. नसतील तर पत्र्यामागे किमान ३ मिलिमीटर जाड, तळहाताएवढी पोलादी पट्टी वेल्ड करून घ्या आणि सीटबेल्टचाच सात-सोळांश इंची बोल्ट वापरा. गंजलेल्या पत्र्याला बेल्ट लावण्यात अर्थ नाही, आधी पत्रा दुरुस्त करा. लहान मुलांना मागे बसवा, आणि त्यांची सुरक्षित सीट तीन-पॉइंट बेल्टवर बसते हे आधी पाहून घ्या.

प्रश्न : रोज काय पाहावे, केव्हा काय करावे आणि डिक्कीत काय ठेवावे, हे एकदा थोडक्यात सांगा.

उत्तर : रोज फक्त एक करा : गाडी काढल्यावर खाली पडलेले थेंब पाहा. ऑइलचा थेंब काळा, कूलंटचा रंगीत आणि गोडसर वासाचा, ब्रेक ऑइलचा फिकट आणि बुळबुळीत. चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइल दिसले तर त्या दिवशी गाडी घरीच ठेवा. आठवड्यातून एकदा, थंड इंजिनावर, ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल, बेल्ट आणि टायरची हवा तपासा. दीड ते दोन हजार किलोमीटरला ग्रीस. किंगपिनला, म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळ्याला, ग्रीस देताना चाक जॅकवर उचला, नाहीतर गाडीच्या वजनाने दाबलेल्या बाजूला ग्रीस पोचत नाही. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन मागोमाग नवे दिसेपर्यंत गन मारा. ५,००० ला ऑइल, पॉइंट, प्लग, टॅपेट आणि ब्रेकचे शू. सगळे तारखेसह वहीत लिहा. ऑइल हजार किलोमीटरला किती लागते, हे वहीवरूनच कळते.

डिक्कीत फॅनबेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, एक प्लग, फ्यूज, दिवे, मीटरभर पेट्रोलचा होज आणि क्लिपा, वरचा पाण्याचा होज, ॲक्सिलरेटरची केबल, वायर, टेप, फीलर गेज, मल्टिमीटर, गाडीच्या मापाचे पाने आणि पाच लिटर पाणी. दोन किलोचे पावडरचे अग्निशामक मात्र डिक्कीत नको, ते ड्रायव्हरच्या हाताशी हवे. बॅटरीला कटऑफ स्विच लावा, शॉर्ट झाल्यावर पान्हा शोधायला वेळ नसतो.

पेटीतला प्रत्येक भाग घरीच एकदा गाडीवर लावून, चालवून पाहा आणि मगच पेटीत टाका. विशेषतः फॅनबेल्ट : जुन्या गाड्यांवर पुढे कधी पुली किंवा अल्टरनेटर बदललेला असतो, आणि पुस्तकातल्या नंबरचा बेल्ट नेमका दोन सेंटिमीटर आखूड निघतो.